बोलकीचं बिऱ्हाड

"वृंदे, जरा इकडं ये. ह्या चित्रात काय काय आहे सांग बघू."

रेवणनं लॅपटॉप माझ्याकडे वळवला. पडद्यावर चित्रांचे छोटे चौकोन होते आणि वर लिहिलं होतं, मोटरसायकल दिसणारे सगळे चौकोन निवडा.

"मोटरसायकली आहेत. पण हे कशाला?"

"मला आत जायचंय. माझ्याच कामाच्या जागेत."

मी चौकोन दाबले. साइटला ते पटलं नाही. तिनं रस्त्यावरचे पांढरे पट्टे शोधायला सांगितले, मग जिने, मग पुन्हा मोटरसायकली. रेवणनं सकाळपासून एकट्यानं बरीच दाबादाबी केली होती, त्यामुळे ती आधीच बिथरलेली असणार. शेवटी तांबड्या अक्षरांत एक ओळ आली. मी ती वाचून दाखवली. "संशयास्पद हालचालींमुळे हे खाते बंद करण्यात आले आहे."

रेवण मोठ्यांदा हसला. "म्हणजे बघ, मोटरसायकल दिसत नाही तो माणूस संशयास्पद!"

मग त्याचं हसू थांबलं. डबा तसाच ठेवून तो गॅलरीत जाऊन उभा राहिला.

या गोष्टीला आता बरीच वर्षं झाली. रेवणसिद्ध चौगुले आणि मी तेव्हा सांगलीत विश्रामबागेत एका सॉफ्टवेअर कंपनीत शेजारशेजारच्या टेबलांवर काम करत होतो. तो जतकडचा, जन्मापासून अंध. कानात हेडफोन घालून तो कोड ऐकायचा, तोही इतक्या वेगात, की शेजारी बसणाऱ्याला नुसती गांधीलमाशी गुणगुणल्यासारखं वाटावं. त्याच्या हेडफोनमध्ये जी बोलायची, ती बोलकी.

बोलकी म्हणजे पडद्यावरचं मराठी वाचून दाखवणारं सॉफ्टवेअर. ते बनवलं अश्फाक मुल्ला सरांनी. मिरजेच्या तंत्रनिकेतनात ते कॉम्प्युटर शिकवायचे. एका अंध विद्यार्थ्याला दोन सत्रं सगळी पुस्तकं स्वतः वाचून दाखवली आणि त्यांचा घसा बसला. "माझा घसा बसला म्हणून बोलकी उभी राहिली," असं ते सगळ्यांना सांगायचे. सॉफ्टवेअर ओपन सोर्स होतं, म्हणजे कुणीही फुकट वापरावं, आतला कोड उघडून बघावा, चूक सापडली तर दुरुस्त करून द्यावी. असे कोड ठेवायला इंटरनेटवर साइट असतात. कोड तिथं राहतो, त्यात कुणी काय बदललं ते दिसतं, आणि वापरणारे लोक आपल्या तक्रारीही तिथंच लिहितात. बोलकी अशाच एका मोठ्या साइटवर पहिल्यापासून राहत होती. मी सरांची विद्यार्थिनी, म्हणून तिच्या देखभालीला होते. आणि उच्चारांचं सगळं रेवण बघायचा.

त्या साइटनं नुकतंच आपलं रूप पालटलं होतं. मराठीतही दिसायला लागली होती. आणि त्याच वेळी, येणारा माणूसच आहे ना याची खात्री करायला, तिनं दारात ही चित्रं आणून ठेवली होती.

"दुरुस्तीचं काय झालं?" मी गॅलरीत जाऊन विचारलं.

"तयार आहे. माझ्या लॅपटॉपवर बसलीय. टाकू कुठनं?"

ती दुरुस्ती साधीसुधी नव्हती. आदल्या महिन्यात बोलकीच्या नव्या आवृत्तीत एक घोळ झाला होता. 'दऱ्या' हा शब्द ती 'दर्या' असा वाचायला लागली होती. वर्ध्याच्या अंध शाळेतल्या जयश्री मेश्राम मॅडमनी फोन करून सांगितलं होतं, "अहो, आमच्या पोरानं भूगोलाच्या सरावात लिहिलं, सह्याद्रीत मोठे मोठे समुद्र आहेत म्हणून! तो तरी काय करेल, त्याला तेच ऐकू येऊन राहिलं ना." हसण्यावारी नेण्यासारखं ते नव्हतं. त्यांच्या शाळेत पुढच्या बुधवारी पेपर होता, आणि पहिल्यांदाच मुलांना प्रश्नपत्रिका शेजारी बसलेला माणूस वाचून दाखवणार नव्हता. मुलं स्वतः बोलकीकडून ऐकणार होती, हवं तितक्या वेळा, हव्या त्या वेगात. मुख्याध्यापकांना मॅडमनी मोठ्या मुश्किलीनं तयार केलं होतं. बोलकी चुकली तर पुन्हा ते तयार होणार नव्हते.

संध्याकाळी आम्ही दोघं मिरजेला सरांच्या घरी गेलो. सर सतारमेकर गल्लीत राहायचे. खाली दुकानात कुणीतरी एकच तार पुन्हा पुन्हा लावून बघत होतं. वरच्या खोलीत सर कॉटवर मांडी घालून बसले होते. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि हात झटकला.

"एवढंच ना? दुरुस्ती वृंदाकडे दे. ती तिच्या खात्यातून टाकेल, मी माझ्या खात्यातून नवी आवृत्ती काढतो. झालं काम."

"आज झालं सर," रेवण म्हणाला. "उद्याचं काय? परवाचं?"

"रोज वृंदा टाकेल."

"आणि मी?"

"तू करायचं, तिनं टाकायचं. त्यात तुझं काय बिघडलं?"

रेवण सरांच्या आवाजाकडे वळला. "सर, आत्तापर्यंत मी दारातनं येत होतो. उंबऱ्यावर बसून इकडचं तिकडचं बोलत होतो, कुणाचं चुकलं तर भांडत होतो. आता मी मागच्या खिडकीतनं डबा सरकवायचा आणि आत काय चाललंय ते वृंदाला विचारायचं. जमायचं नाही मला. दुरुस्ती घ्या, ती पोरांची आहे. पण त्यापुढं मी नाही. नाहीतर बोलकीचं बिऱ्हाड दुसरीकडं हलवूया."

"बिऱ्हाड हलवायचं म्हणजे चेष्टा वाटते काय रे?" सर आता कॉटवरून उतरलेच. "इतक्या वर्षांचा संसार आहे तिथं. सगळ्या चर्चा, सगळे बदल, सगळी माणसं. आणि ते बघ!"

'बघ' म्हणून त्यांनी भिंतीकडे बोट केलं आणि मग जीभ चावली. भिंतीवर एक चौकट होती. त्या साइटवर लोकांना एखादं काम आवडलं, की ते त्याला तारा देतात. बोलकीला हजारोंनी तारे मिळाले होते. सरांनी त्या पानाचा फोटो चौकट करून मुलीच्या लग्नाच्या फोटोशेजारी लावला होता.

"तारे तिथंच राहणार," सर म्हणाले. "ते काही पोत्यात भरून नेता येत नाहीत. आणि साइटचं वाईट काय आहे सांग? गेल्या वर्षभरात किती तक्रारी आल्या? बोटावर मोजण्याइतक्या! याचा अर्थ सगळं सुरळीत चाललंय. चालत्या गाडीची चाकं काढायची नसतात."

"मग तुम्ही एकदा जाऊन दाखवा," रेवण म्हणाला.

"कुठं?"

"आत. पडदा काळा करून. बोलकी सोबतीला आहेच की तुमच्या."

सरांना ते आवडलं नाही. पण नसीमभाभी चहा घेऊन आल्या होत्या आणि दारातच थांबून ऐकत होत्या. त्या म्हणाल्या, "अहो, घटकाभर डोळे मिटले तर काय बिघडणार आहे? नाहीतरी दुपारभर मिटलेलेच असतात."

सर चिडून खुर्चीवर बसले. मी पडद्याचा उजेड पूर्ण घालवला. त्यांनी आपल्या खात्यातून आधी बाहेर पडून पुन्हा आत जायचं ठरलं. नाव आणि पासवर्ड त्यांनी झटक्यात टाकला आणि आमच्याकडे विजयी मुद्रेनं पाहिलं.

मग बोलकी बोलायला लागली.

"चित्र. चित्र. चित्र. चित्र. बटन. नाव नसलेलं बटन. चित्र."

"हे काय?" सर म्हणाले.

"हेच," रेवण म्हणाला.

सरांनी ते नाव नसलेलं बटन दाबलं. चित्रांऐवजी ऐकलेले आकडे टाकून आत जायची ती सोय होती. विहिरीच्या तळाशी बसून कुणी आकडे म्हणावेत आणि वरून बादल्या आपटाव्यात, तसा आवाज आला. सरांनी कानाला हात लावून आकडे टाकले. चूक. पुन्हा टाकले. चूक. आता ते इरेला पेटले. त्यांनी चष्मा काढून ठेवला, जणू त्याचीच अडचण होत होती. चहावर साय धरली. भाभी एकदा "राहू द्या आता" म्हणाल्या, तर सरांनी हातानंच गप्प केलं. शेवटी बोलकी आपल्या नेहमीच्या गोड आवाजात, एकेक शब्द सुटा करून म्हणाली,

"संशयास्पद हालचालींमुळे हे खाते बंद करण्यात आले आहे."

खालची तार तेवढी वाजत होती.

मी घाईघाईनं उजेड वाढवला आणि डोळे उघडे ठेवून प्रयत्न केला. काही उपयोग नाही. मदतीसाठी मेल पाठवला. लगेच आपोआप उत्तर आलं, आपल्या विनंतीचा दोन आठवड्यांत विचार करण्यात येईल.

आता खरी पंचाईत झाली होती. कोड टाकायचा अधिकार मला होता, पण नवी आवृत्ती प्रसिद्ध करायचा अधिकार फक्त मालकाला, म्हणजे सरांना. आणि मालकच बाहेर. बुधवारच्या आत वर्ध्याला 'दऱ्या' पोचायच्या होत्या.

मला वाटलं सर आता रेवणवर उखडणार. ते उठले. चष्मा पुसून डोळ्यावर चढवला. मग त्यांचे खांदे हलायला लागले, आणि मला कळायच्या आत ते खो खो हसत सुटले.

"मीच जन्माला घातलेली पोरगी, आणि मलाच सांगते, तू चोर आहेस म्हणून! नसीम, ऐकलंस का? गोड आवाजात सांगितलं हां!" हसता हसता त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. रेवणच्या पाठीवर त्यांनी अशी थाप मारली, की त्याच्या हातातली बशी सांडली. "चला! बांधा सामान. पण परीक्षेच्या आत झालं पाहिजे. जागा तू शोध रेवण. तुला एकट्याला, कुणाचा हात न धरता आत जाता येईल, तीच आपली जागा."

परत येताना बसमध्ये रेवणच्या बोटांचा चाळा चालू होता. मनातल्या मनात त्यानं साइट तपासायला सुरुवात केली होती.

दोन दिवस त्यानं तेच केलं. एका साइटवर आत जाता यायचं, पण तक्रारीचं पान बोलकीला वाचताच यायचं नाही. एकीवर सगळं यायचं, पण दर महिन्याला पैसे मागत होती. एकीवर तर 'पुढे जा' आणि 'खाते नष्ट करा' ही दोन्ही बटनं तिला सारखीच ऐकू येत होती. "एकदा नष्ट करून बघितलं," रेवण म्हणाला, "ते मात्र पटकन होतंय."

शनिवारी दुपारी त्याचा फोन आला. "वृंदे, मिळाली! कलवरा नाव आहे. मल्याळममध्ये कलवरा म्हणजे कोठार. कोचीची माणसं हौसेनं चालवतात. मी पहिल्या झटक्यात आत! प्रत्येक बटनाला नाव आहे गं! आणि चुकलं की काय चुकलं ते सांगतंय! मी तिथं उगाचच इकडून तिकडं फिरून आलो."

चालवणाऱ्यांपैकी बिजू नावाच्या माणसाशी त्यानं बोलूनही घेतलं होतं. बिजूनं रविवारी दिवसभर आमच्यासाठी बसायचं कबूल केलं होतं.

रविवारी सकाळी सरांच्या वरच्या खोलीत तीन लॅपटॉप, दोन फोन आणि पोह्यांची परात असा थाट होता. एका फोनवर बिजू, दुसऱ्यावर वर्ध्याहून जयश्री मॅडम. निवासी शाळा, त्यामुळे रविवार असूनही त्यांच्या मागे पोरांचा कलकलाट चालू होता.

"काय करून राहिले तुम्ही लोकं? झालं का?"

"आत्ता कुठं सुरू करतोय मॅडम."

"करा ना लवकर. माझी पोरं केव्हाची कॉम्प्युटरसमोर बसून आहेत."

कोड हलवणं सोपं होतं. त्याची पूर्ण प्रत, पहिल्या दिवसापासूनच्या प्रत्येक बदलासकट, आम्हा सगळ्यांच्याच लॅपटॉपवर होती. रेवणनं एक आज्ञा दिली. पडद्यावर ओळी सरसर वर जायला लागल्या. "पोचलं," रेवण म्हणाला. सरांनी लगेच कलवरावर पहिलाच बदल उघडून बघितला. त्यांनी तो घसा बसलेला असताना लिहिला होता. खाली त्यांचं नाव, त्यांचीच जुनी तारीख. "सगळं आलंय गं, अगदी माझ्या चुकांसकट," असं म्हणून त्यांनी परातीतून मूठभर पोहे उचलले.

अवघड होत्या त्या तक्रारी आणि चर्चा. त्या कुणाच्याच लॅपटॉपवर नव्हत्या, फक्त साइटवर होत्या. माझं खातं अजून चालू होतं. एकेक पान उघडून उतरवून घेणारा छोटा प्रोग्रॅम मी लिहून आणला होता.

"आधी जुन्या साइटच्या पहिल्या पानावर नवा पत्ता टाक," रेवण म्हणाला. "तुलाही बाहेर काढलं, तर निदान पाटी तरी राहील."

मी पाटी लावली आणि प्रोग्रॅम सुरू केला. फार घाई केली असती तर साइटला संशय आला असता, म्हणून एकेक पान बेतानं. उतरलेलं पान रेवण बिजूकडे पाठवायचा आणि बिजू ते कलवरावर मांडायचा. सर मधेच एखादी जुनी चर्चा वाचून ओरडायचे, "अरे, ही बघ, रेवण आणि मी 'ज्ञ'च्या उच्चारावरून आठवडाभर भांडलो होतो!"

"मी जिंकलो होतो," रेवण मान वर न करता म्हणाला.

दुपार झाली. बरंचसं सामान आलं होतं. शेवटच्या दोन वर्षांचं तेवढं राहिलं होतं, आणि तेवढ्यात माझा प्रोग्रॅम थांबला. पडद्यावर बस शोधायची चित्रं आली. मी बसगाड्या दाबल्या. पुढच्या पानाला पुन्हा चित्रं. त्याच्या पुढच्याला पुन्हा. आणि मग ती ओळखीची तांबडी ओळ.

"गेले," मी म्हणाले. "मी पण संशयास्पद."

सरांनी त्यांच्या लॅपटॉपवरून खात्याशिवाय प्रयत्न केला. साइटनं घरातल्या इंटरनेटवरच राग धरला होता. कुणालाच एकही पान दिसेना. बिजूनं तिकडून करून बघितलं, तर त्यालाही चित्रांपुढं जाता येईना. दोन वर्षं! उच्चारांचं सगळं नाजूक काम त्याच दोन वर्षांतलं होतं. अमुक शब्द असा का वाचायचा, कुणी काय सुचवलं होतं, काय करून बघितलं आणि फसलं, सगळं. रेवण ताठ बसला होता. त्याचंच काम होतं ते. बिजू तिकडून म्हणाला, दोष नाही तुमचा, काही जणांचं असंच अर्धं राहतं.

"कोणत्या चर्चा म्हणता तुम्ही?" दुसऱ्या फोनवरून जयश्री मॅडमचा आवाज आला. आम्ही त्यांना विसरूनच गेलो होतो. "त्या मला मेलवर येतात त्याच का?"

"तुम्हाला मेलवर येतात?" मी विचारलं.

"सगळ्या येतात ना. कुणी काही लिहिलं की टुणकन मेल. बंद कसं करतात ते काही मला जमलं नाही."

"मॅडम," रेवण अगदी हळू म्हणाला, "ते मेल तुम्ही डिलीट..."

"नाही हो! मी कधी काही डिलीट करतच नाही. माझे साहेब रागावतात, म्हणतात किती कचरा साठवून ठेवते."

सर उठून उभे राहिले. "मॅडम, तुमच्या साहेबांना माझा नमस्कार सांगा, आणि तो सगळा कचरा आत्ताच्या आत्ता इकडं पाठवा!"

मेलमध्ये कुणी लिहिलं, कधी लिहिलं, कशाला उत्तर म्हणून लिहिलं, सगळं जागच्या जागी होतं. बिजूनं तिकडं त्याच्या मांडणीत थोडा बदल केला, मी इकडं माझ्या प्रोग्रॅममध्ये केला, आणि दोन वर्षं वर्ध्याहून मिरजेला आणि मिरजेहून कोचीला जाऊन पोचली. शेवटची चर्चा लागली तेव्हा बिजूनं मल्याळममध्ये काहीतरी जोरात म्हटलं. आम्हाला शब्द कळला नाही, पण आम्हीही तेच ओरडलो.

आता राहिलं होतं शेवटचं काम. लोकांच्या कॉम्प्युटरवरची बोलकी नव्या आवृत्तीसाठी एका ठरावीक पत्त्यावर विचारणा करायची. तो पत्ता सरांच्या मालकीचा होता आणि तो तिला जुन्या साइटकडे पाठवायचा. तो कलवराकडे वळवायचा होता. रेवणची दुरुस्ती आत गेली, मी तपासली, सरांनी नवी आवृत्ती काढली आणि पत्ता वळवायला हात पुढे केला. हात हवेतच थांबला.

"चुकलं तर?" ते म्हणाले. "हजारो लोकांची बोलकी एकदम मुकी होईल."

"आधी वर्ध्याचा एकच कॉम्प्युटर," रेवण म्हणाला. "मॅडम, एका मशीनला मी सांगतो तसं करा. बाकीच्यांना हात लावू नका."

मॅडमनी केलं. फोन त्यांनी त्या कॉम्प्युटरजवळ नेऊन ठेवला. पोरांचा कलकलाट एकदम थांबला. बराच वेळ नुसती पंख्याची घरघर ऐकू येत होती. मग लांबून, वर्ध्याच्या त्या खोलीतून, बोलकी म्हणाली, "नवी आवृत्ती मिळाली. बोलकी पुन्हा सुरू होत आहे."

आणि गप्प झाली.

सरांनी माझं मनगट घट्ट धरलं. भाभी दारात ओढणीचं टोक चावत उभ्या होत्या.

"नमस्कार," बोलकी म्हणाली.

"वाचायला लाव रे पंकज," मॅडम कुणालातरी म्हणाल्या. बटन दाबल्याचा आवाज आला आणि बोलकीनं वाचलं, "सह्याद्रीच्या दऱ्या खोल आणि अरुंद आहेत."

तिकडे पोरांनी असा गिल्ला केला, की आमचा फोन खरखरायला लागला. "दऱ्या! दऱ्या! दऱ्या!" कुणीतरी बाक बडवत होतं. रेवण खुर्चीतून उठला, कुठं जायचं ते न सुचल्यासारखा खोलीत गोल फिरला आणि सरळ भाभींच्या अंगावर धडकला. "आता वळवा सर!" तो ओरडला. "सगळ्यांचं वळवा!"

सरांनी वळवलं.

नव्या आवृत्तीबरोबर बोलकी सगळ्यांना एक निरोप वाचून दाखवणार होती. मजकूर रेवणचा होता. बोलकीची जागा बदलली आहे, काही सांगायचं असेल तर इथं लिहा, इथं चित्रं विचारत नाहीत.

ऊन उतरलं. भाभींनी बिर्याणी चढवली होती, तिचा वास वर येत होता. आम्ही नुसते पाय पसरून बसलो होतो. तेवढ्यात माझ्या लॅपटॉपवर टिंग वाजलं. नवी तक्रार. मग पुन्हा टिंग. मग रेवणच्या लॅपटॉपवर. मग एकामागून एक वाजतच राहिलं.

सर पुढे सरसावले. "काहीतरी मोडलंय! वृंदा, पत्ता परत फिरव! अगं फिरव ना!"

"थांबा सर," मी म्हणाले. मी पहिली तक्रार उघडली. उदगीरचे कुणी गृहस्थ लिहीत होते, बोलकी पूर्णविरामानंतर फार कमी थांबते, हे मला तीन वर्षांपासून सांगायचं होतं. दुसरी चिपळूणची. कॉलेजची मुलगी होती. तिनं लिहिलं होतं, संस्कृतचे श्लोक वाचताना बोलकी मधेच अडते, पूर्वी एकदा लिहायला गेले होते पण आत जाता आलं नाही. तिसरी बेळगावची. चौथी पुण्याची. आजच्या नव्या आवृत्तीबद्दल एकही नव्हती. सगळ्या जुन्या, मनात साठवून ठेवलेल्या.

मी वाचत गेले. सर ऐकत होते. त्यांचा चेहरा हळूहळू बदलत गेला. भिंतीवरच्या चौकटीकडे त्यांचं लक्षही नव्हतं.

"तक्रारी येत नाहीत म्हणून मी खूश होतो," ते म्हणाले. "साइट नवी झाली त्याच्या आधीपासून हे असं होतं काय रे, रेवण?"

"थोडंफार होतंच सर. मी इंजिनियर, मी कसाबसा शिरायचो. ह्यांनी कुठं शिरायचं?"

सरांनी लॅपटॉप मांडीवर ओढला आणि स्वतः एकेक तक्रार वाचायला घेतली. एका तक्रारीवर ते थांबले. "हे ऐका. 'मी शहाद्याच्या सरकारी दवाखान्यात टेलिफोन ऑपरेटर आहे. माझं आडनाव पाडवी. तुमचं मशीन पाडावी म्हणतं. भिंत पाडावी तसं. ऑफिसात सगळे हसतात. यमुना मोतीराम पाडवी.' खाली फोन नंबर दिलाय."

त्यांनी तिथल्या तिथं फोन लावला आणि मोठा आवाज चालू केला.

"पाडवीबाई, मी अश्फाक मुल्ला. बोलकीचा."

"कोण बोलकीचा?"

"ती मी बनवली."

बाईंचा आवाज चढला. "तुम्ही होय! इतकी वर्षं कुठं होता तुम्ही? मी किती शोधलं तुम्हाला! दोनदा पोराला बसवलं, तो म्हणाला, इंग्रजीत लिहावं लागतं, मला नाही येत."

"चुकलं बाई. आता सांगा, तुमचं नाव कसं म्हणायचं?"

"पाड्वी. 'ड'वर थांबायचं नाही."

"पुन्हा म्हणा."

"पाडवी!"

रेवणनं हेडफोन कानावर चढवलाही होता. "सर, तीन अक्षरांची, ईकारान्त. मधला अकार खायचा. फक्त पाडवी नाही, वळवी आणि तसली सगळी बघायला लागतील." त्याची बोटं चालायला लागली. बाई फोनवर थांबून राहिल्या. मधेच त्यांनी नातवंडांना ओरडून गप्प बसवलं. रेवणनं केलेला बदल मी तपासला, पटला नाही, आम्ही भांडलो, त्यानं पुन्हा केला. सरांनी आवृत्ती काढली. बोलकीच्या आयुष्यात एका दिवसात दोन आवृत्त्या कधी निघाल्या नव्हत्या.

"आता तुमचा कॉम्प्युटर बंद करून चालू करा," सर म्हणाले.

आम्ही ऐकत होतो. शहाद्यात कुणीतरी खुर्ची सरकवली. कॉम्प्युटर चालू झाल्याची धून वाजली. बाई टाइप करत होत्या, एकेक अक्षर. मग बोलकी म्हणाली, "यमुना मोतीराम पाडवी."

बटन दाबल्याचा आवाज आला.

"यमुना मोतीराम पाडवी."

पुन्हा बटन.

"यमुना मोतीराम पाडवी."

"अहो, ऐकू येतंय का तुम्हाला?" बाई ओरडल्या. "माझं नाव घेतलं तिनं! अरे, आत या रे सगळे, ऐका!" घरात पळापळ झाल्याचे आवाज आले, कुणीतरी टाळ्या वाजवल्या, आणि बोलकीनं ते नाव आणखी तीन-चार वेळा, न थकता, सांगितलं. मी रेवणकडे पाहिलं. त्यानं हेडफोन काढून मांडीवर ठेवला होता आणि तोंड उघडं टाकून हसत होता.

"बाई, आता ठीक आहे ना?" सरांनी विचारलं.

"हे झालं," यमुनाबाई म्हणाल्या. त्यांनी घसा साफ केला. "आता दुसरी ऐका. दुसरी जरा मोठी आहे."

सरांनी खुर्ची पुढे ओढली. "सांगा," ते म्हणाले.